‘बिडी काहून पेता?’ असं विचारायचं नसतं : ऑडियन्स रिसर्चची गोष्ट

३१ मे म्हणजे जागतिक तंबाखू विरोधी दिवस. आता विदर्भात ३१ मे म्हणजे काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसला टेकलेला, शाळा बंद (आपल्याकडं त्या जूनच्या शेवटीच उघडतात), दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि अशा दिवशी आम्ही व्यसनमुक्तीची रॅली काढली होती. सकाळी सातला काढली तरी आठ वाजेपर्यंत सगळे घामाघूम. पोरं कमी पडली म्हणून आम्हीच मोठे लोक बॅनर धरून घोषणा देत फिरलो. पानठेल्याजवळ पोचलो तर तिथं एक बाबाजी उभे होते, सत्तरीचे असतील, बिडी कानावर अडकवलेली. आमचं पोस्टर त्यांनी थांबून पूर्ण वाचलं, एकेक अक्षर जोडून, आणि मान हलवून म्हणाले, "बरोबर लिवलं हाये पोट्टेहो." मग कानावरची बिडी काढली आणि मलाच विचारलं, "माचिस आहे काय बे?"

तेव्हा सगळे हसले, मी पण हसलो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, कारण बाबाजी आमची टिंगल करत नव्हते हो. त्यांना खरंच पटलं होतं. पटलं, आणि तरी बिडी पेटवली. म्हणजे आमच्या पोस्टरनं त्यांना जे सांगितलं ते त्यांच्याकडं आधीच होतं, आणि त्यांना जे पाहिजे होतं ते आमच्या पोस्टरात नव्हतं. मग त्यांना पाहिजे काय होतं? ते आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. पोस्टरचा मजकूर एका माणसानं एका रात्रीत खोलीत बसून लिहिला होता, तो माणूस मीच.

तर हे जे विचारायचं राहून गेलं होतं ना, त्यालाच ऑडियन्स रिसर्च म्हणतात. नाव भारी आहे, काम साधं आहे: ज्याला काही सांगायचंय त्याच्याबद्दल, सांगायच्या आधी, नीट माहिती काढणं. तो दिवसभर काय करतो, कुणाचं ऐकतो, कशाला घाबरतो, बिडी त्याच्या कोणत्या कामी येते, सोडायचा प्रयत्न केला होता का, केला तर कुठं फसला. आणि या माहितीवरून ठरवायचं की बोलायचं काय, कुणाच्या तोंडून, कधी आणि कुठं. विकणारे लोक हे कधीपासून करतात. बियाण्याच्या कंपनीचा माणूस कधी जानेवारीत पाकीट घेऊन येतो का? तो मे-जूनमध्येच येतो, आणि ज्याच्या कपाशीला मागच्या वर्षी बोंडं चांगली लागली त्याच्याच वावरात मेळावा भरवतो, कारण त्याला माहीत असतं की शेतकरी कंपनीवर नाही, शेजाऱ्याच्या वावरावर विश्वास ठेवतो. विकायची हीच अक्कल चांगल्या सवयींसाठी वापरता येईल हा विचार फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन या दोघांनी १९७१ साली लेखात मांडला, त्याला सोशल मार्केटिंग म्हणतात, आणि ऑडियन्स रिसर्च हा त्याचा पाया.

पण खरं सांगू का, आपल्याकडं हे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलं. गाडगेबाबा गावात यायचे तेव्हा आल्याआल्या कीर्तन नाही करायचे. आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. झाडता झाडता गावातली घाण कुठं आहे, कोण कसं राहतो, हे सगळं दिसत असणार. मग रात्री कीर्तनाला उभे राहिले की भाषण नाही द्यायचे, समोरच्याला प्रश्न विचारायचे, आपल्या वऱ्हाडीत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. आधी गाव बघा, मग गावाच्या भाषेत बोला, आणि लोकांना बोलू द्या. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याची दोनशे पानं होतात.

आता कोणी म्हणेल की विदर्भात प्रॉब्लेम खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखू घोटून खातात तो) आहे, तू बिडीचं काय घेऊन बसला. बरोबर आहे. २०१६-१७ च्या ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हेत महाराष्ट्रात चघळायचा-खायचा तंबाखू वापरणारे मोठे लोक २४.४ टक्के होते आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. पण त्यामुळंच होतं काय की सगळ्यांचं लक्ष खर्ऱ्याकडं, आणि बिडीवाले म्हणजे बहुतेक म्हातारे, मजूर, गुराखी, यांच्याकडं कोणी बघत नाही. ओढण्यावर ज्या जाहिराती येतात त्यात पांढरी फिल्टरवाली सिगारेट दाखवतात, शर्ट इन केलेला माणूस, ऑफिस. त्याच सर्व्हेत अख्ख्या देशात बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के निघाले होते, तरी चित्र सिगारेटचंच. आमच्याकडं एका काकांनी मला सरळ सांगितलं, "ते सिगरेटवाल्यायचं आहे. आमची बिडी तं झाडाच्या पानाची." त्यांचा पक्का समज की तेंदूपत्ता म्हणजे जंगलातली वस्तू, त्यात काय केमिकल. आणि इथल्या अर्ध्या घरांनी एप्रिल-मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधलेले असतात, त्या पानावर त्यांचा विश्वास असणारच ना. खरं उलटं आहे, तेंदूचं पान कागदासारखं सरसर जळत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि सारखे झुरके मारावे लागतात, आणि त्यात निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. "तुमची बिडी विझते ना सारखी? तेच तर" अशी सुरुवात केली तर माणूस ऐकतो, कारण विझते हे त्याला रोज दिसतं. पण हा समज आहे हेच आम्हाला पोस्टर काढताना माहीत नव्हतं.

तर दुसऱ्या वर्षी आम्ही घोषणा बाजूला ठेवल्या आणि आधी बोलायचं ठरवलं. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातली तीन गावं घेतली. आणि पहिल्या आठवड्यात सगळं चुकलं.

पहिली चूक, प्रश्न. आम्ही विचारायचो, "काका, तुम्ही बिडी काहून पेता?" यावर उत्तर एकच येतं, "सवय आहे बाप्पा." संपलं. "काहून" विचारलं की माणसाला वाटतं आपल्यावर केस चालू झाली, मग तो एकतर बचाव करतो नाहीतर तुम्हाला आवडेल ते सांगतो. "हाव, वाईटच आहे, सोडाच लागते." वहीत सगळ्यांची उत्तरं तीच, वाचून वाटावं की गाव उद्याच बिडीमुक्त होते. आपल्या लोकांना पाहुण्याचं मन मोडवत नाही, विचारणाऱ्याला बरं वाटेल असं बोलतात, आणि हातात वही-पेन दिसलं की योजना आली समजतात. एका माणसानं तर मुलाखत झाल्यावर विचारलं, "आधार कार्डाची झेरॉक्स देऊ काय?"

दुसरी चूक, जागा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दहा माणसं बसवून आम्ही फोकस ग्रुप घेतला, म्हणजे सहा ते दहा जणांना एकत्र बसवून एका विषयावर मोकळं बोलू द्यायचं. मोकळं कोण बोललं? एक माजी सरपंच. बाकीचे "बरोबर, बरोबर." तंबाखूवर पाऊण तास बोलले ते, आणि ते स्वतः बिडी पीतच नव्हते. नंतर समजलं की अशा ग्रुपमध्ये साधारण एका वयाची, एका दर्जाची माणसं घ्यायची असतात, बाया वेगळ्या, पोट्टे वेगळे, मजूर वेगळे आणि मालक वेगळे. सासू बिडी पेत असली तरी सुनेपुढं ती कधीच कबूल करणार नाही. ती सांगेल निंदण करताना, धुऱ्यावर, वाकल्या वाकल्या, तुमच्याकडं न बघता.

मग आम्ही प्रश्न बदलला. का हा शब्दच काढून टाकला. विचारायचं फक्त काल काय झालं. "काल सकाळी उठल्यापासून सांगा ना काका, पहिली बिडी केव्हा पेटवली? कुठं होते? संगं कोण होतं? माचिस कुणाची?" माणूस कालचा दिवस सांगायला लागला की खोटं बोलायची गरजच राहत नाही, गोष्ट चालू होते. आणि पहिली बिडी केव्हा हा प्रश्न उगाच नाही. निकोटीनची पकड किती घट्ट आहे हे मोजायची एक सहा प्रश्नांची चाचणी आहे, फागरस्ट्रॉम नावाची, तिच्यात पहिलाच प्रश्न हा असतो की झोपेतून उठल्यावर किती मिनिटांत पेटवता. पाच मिनिटांच्या आत असेल तर सगळ्यात जास्त मार्क, म्हणजे पकड सगळ्यात घट्ट. रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरलेलं असतं (दर दोनेक तासाला अर्धं होत जातं), त्यामुळं उठल्या उठल्या मेंदू मागायला लागतो.

या एका बदलानं काय काय बाहेर आलं सांगतो.

सकाळची बिडी. जवळपास प्रत्येकानं हेच सांगितलं की बिडीशिवाय पोट साफ होत नाही. "एक मारली का मंग कसं मोकळं होते." याला हसू नका, निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळं त्यांचा अनुभव अगदीच खोटा नाही. सोडलेल्या माणसाला पहिले काही दिवस खरंच त्रास होतो, आणि मग तो म्हणतो पाहा, बिडी सोडली आणि तब्येत बिघडली. एका काकांनी असंच चौथ्या दिवशी परत चालू केली होती. कोणत्याच पोस्टरवर हे लिहिलेलं नसतं की बाबा, थोडे दिवस कोमट पाणी पी, भाजीपाला खा, हे हळूहळू बसते. शहरातला पोस्टरवाला संडासबद्दल लिहायला लाजतो बहुतेक.

मग आरामाची बिडी. ही मला स्वतःला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. कापूस वेचताना किंवा सोयाबीन सोंगताना मजूर मध्येच नुसता बसला तर मालक बोलतो, "काय बे, दमला काय?" पण बिडी प्यायला बसला तर कोणी काही म्हणत नाही. बिडी म्हणजे दहा मिनिटांची पगारी सुट्टी. एका पोराने सांगितलं, तो आधी पेत नव्हता, पण बिडीवाले बसायचे तेव्हा हा एकटाच तास (पिकाची ओळ) धरून चालत राहायचा, मग त्यानं पण सुरू केली. बसायला मिळावं म्हणून! आता या पोराला तुम्ही कॅन्सरचा फोटो दाखवून काय होणार आहे? त्याच्याशी नाही, मालकाशी बोलावं लागेल, की पाण्याची सुट्टी सगळ्यांनाच द्या. म्हणजे कधी कधी रिसर्चमधून असं निघतं की आपला ऑडियन्स बिडीवाला नाहीच, दुसराच कोणी आहे.

आणि तिसरी, जागलीची. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत वावर साफ करतात, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पीक भरात आलं की माणूस रात्री वावरात मचाणावर जाऊन बसतो. हिवाळ्यात त्यात ओलिताची भर, कारण पंपाची लाइन आलटून पालटून रात्रीची येते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीच उठा. मी एका मामांसोबत (नात्यातले नाहीत, गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात) एक रात्र जागलीला गेलो. चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर पऱ्हाटीच्या काड्यांचं आणि जुन्या ताडपत्रीचं छप्पर. खाली शेकोटीची राख. वर एक घोंगडी, टॉर्च, वाजवायला फुटका पिपा, कोपऱ्यात काठी, आणि प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला बिडीचा कट्टा, दवानं ओला होऊ नये म्हणून. पन्नीला दोन गाठी. घोंगडी ओली झाली तरी चालेल, कट्टा नाही.

साडेदहापर्यंत मामा बोलत होते. मग शांत. थोड्या वेळानं एक बिडी, अंधारात फक्त तो लाल ठिपका. मी घड्याळ बघत गेलो, साधारण अर्ध्या तासाला एक. दोनच्या सुमारास मी विचारलं, "मामा, ही नसती तर?" तर म्हणाले, "नसती तं झोप लागते. झोप लागली तं डुकरं येते. अन् डुकरं परवडले पोरा, टिपेश्वरच्या आंगानं वाघ फिरून राह्यला." (टिपेश्वर म्हणजे इथलं जवळचं अभयारण्य.) थोडा वेळ गेला. मग स्वतःहूनच म्हणाले, "अन् एकट्यानं काय करा लागते रातभर? कोणाशी बोलू? ही हातात असली का कोणीतरी आहे असं वाटते."

आता सांगा, या माणसाला "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे" हे वाक्य काय कामाचं? त्याची बिडी त्याच्यासाठी चौकीदार आहे आणि सोबती आहे. सोडायची तर त्या दोन्ही कामांना दुसरं कोणीतरी पाहिजे. निकोटीन झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदात मेंदूत पोचतं, तरतरी येते हे खरं, पण थोड्या वेळानं ते उतरलं की जी मरगळ येते ती पण बिडीनंच आणलेली असते, आणि मग दुसरी लागते. हे मामांना समजावता येतं. पण नुसतं समजावून रात्र जात नाही. त्यांनीच मग सुचवलं की शेजारच्या धुऱ्याचा माणूस आणि ते पाळीनं जागले तर अर्धी रात्र झोप होते. म्हणजे उपाय शोधायला आम्हाला जिनेव्हाला (जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑफिसात) जायची गरज नव्हती, मचाणावर चढायची गरज होती.

बरं, यावरून असं नका समजू की सगळ्यांची एकच गोष्ट असते. उलट रिसर्चचं दुसरं काम हेच की गर्दीचे गट पाडणं. वयानं, कामानं पाडता येतातच, पण सोडण्याच्या बाबतीत मला सगळ्यात कामाची वाटते ती प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत. त्यांनी १९८३ मध्ये स्वतःच्या स्वतः सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास छापला आणि सांगितलं की माणूस एका झटक्यात सोडत नाही, टप्प्यांतून जातो. एक जण असा की सोडायचं त्याच्या मनातच नाही. दुसरा मनात घोळवतो पण आज नाही उद्या. तिसरा तयारीला लागलाय, चौथ्यानं नुकतीच सोडलीय, पाचवा टिकवतोय, आणि यातला कोणीही घसरून मागं येऊ शकतो. आपलं पोस्टर कायम पहिल्या माणसासाठी असतं. पण ज्यानं तीनदा सोडून पाहिली त्याला परत "बिडी वाईट आहे" सांगणं म्हणजे तीनदा नापिकी सोसलेल्याला शेती कठीण असते म्हणून सांगण्यासारखं. त्याला हे पाहिजे की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड होईल, बायको-पोरांवर ओरडशील, झोप लागणार नाही, मग दोन ते चार आठवड्यात उतरते, आणि तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी मिनिटं पाणी पी, फुटाणे खा, उठून बैलाला चारा टाक. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं तेही आम्ही सांगत होतो, तर एक आबा तोंड उघडून दाखवत म्हणाले, "दात कोठी आहेत बे चावाले?" हे पण रिसर्चच.

सरकारची फुकट हेल्पलाइन पण आहे, १८००-११-२३५६, हा नंबर २०१८ पासून पाकिटांवर छापलेला असतो. चांगली सोय आहे, पण आमच्या गावातल्या बऱ्याच लोकांनी तो पाहिलाच नव्हता. सुटी बिडी-सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० मध्ये बंदी आली, तरी पानठेल्यावर दोन-दोन, चार-चार बिड्या मिळतातच, आणि सुट्या बिडीवर ना फोटो येतो ना नंबर.

भीतीचं काय मग? घाबरवायचं की नाही, यावर लोक लय भांडतात. किम विट नावाच्या संशोधक बाईनं १९९२ मध्ये यावर जे मांडलं ते मला पटतं. भीती दाखवली आणि सोबत "तुला हे जमेल, असं कर" हा रस्ता पण दाखवला तर माणूस हालचाल करतो. नुसतीच भीती दाखवली तर तो संकटापासून नाही, भीतीपासूनच पळतो, म्हणजे पोस्टर बघायचं बंद करतो, जोक मारतो, नाहीतर म्हणतो आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले बिडी पीत. आणि आपल्याकडं तर भीतीच्या रांगेत बिडीचा नंबर लागतच नाही. कापसाचा भाव, बँकेची नोटीस, पोरीचं लग्न, हे सगळं पुढं उभं आहे. एकानं मला म्हटलं, "कर्ज पयले मारते का बिडी, ते सांग." माझ्याकडं उत्तर नव्हतं, वहीत लिहून घेतलं फक्त.

बाहेरच्या देशात या अभ्यासावर ज्या मोहिमा उभ्या राहिल्या त्यातल्या दोन-तीन सांगण्यासारख्या आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९९८ मध्ये ‘ट्रुथ’ नावाची मोहीम निघाली, पोरापोरींसाठी. त्यांना पोरांशी बोलून समजलं की सिगारेट मारते हे सगळ्यांना पाठ आहे, पण ओढायची ती मोठ्यांचं न ऐकण्याची मजा म्हणून. मग त्यांनी ओढू नका असं म्हणणंच सोडलं आणि सांगितलं की तुम्हाला खरं म्हणजे फसवतात त्या सिगारेट कंपन्या, बंड करायचं तर त्यांच्याविरुद्ध करा. पोरांची खोड तीच ठेवली, फक्त तोंड फिरवलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी आरोग्य संस्थेनं आजारी पडलेल्या खऱ्या माणसांना कॅमेऱ्यापुढं आणलं. त्यातली एक बाई आपण सकाळी कसं तयार होतो ते दाखवते, आधी कवळी, मग विग, मग गळ्याला पडलेल्या भोकात आवाजाचं यंत्र आणि वरून स्कार्फ. मरणाबद्दल एक शब्द नाही, फक्त सकाळ. आणि शेवटी फोन नंबर, म्हणजे भीती पण आणि रस्ता पण. पहिल्याच मोहिमेत त्या नंबरवरचे फोन दुपटीच्या वर गेले.

पण माझी आवडती थायलंडची, ती पण २०१२ चीच. रस्त्यावर सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसाजवळ एक लहान पोरगं किंवा पोरगी जाते, हातात सिगारेट, आणि म्हणते काका, जरा पेटवून द्या ना. तो माणूस एकदम दचकतो आणि सुरू होतो, अरे वेडा आहेस का, कॅन्सर होतो, फुप्फुसं जातात, लहान वयात हे काय. सगळं पाठ! मग पोरगं त्याच्या हातात एक चिठ्ठी देऊन निघून जातं, त्यात एवढंच की तुम्हाला माझी काळजी आहे, मग स्वतःची का नाही, आणि खाली हेल्पलाइनचा नंबर. हे बघितलं तेव्हा मला पानठेल्यावरचे बाबाजी आठवले. ‘बरोबर लिवलं हाये.’ ज्ञान त्यांच्याकडं होतंच, कमी होतं ते दुसरंच काहीतरी, आणि थायलंडवाल्यांनी ते आधी ओळखलं होतं.

हे सगळं ऐकून पोस्टर बनवलं तरी काम संपत नाही. छापायच्या आधी ते ज्याच्यासाठी आहे त्यालाच दाखवायचं, त्याला प्रीटेस्ट म्हणतात, आणि पैसे नसतील तर बाकी सगळं सोडा पण हे सोडू नका. कच्चं चित्र घेऊन पाच-सहा जणांकडं जायचं आणि "आवडलं का" असं अजिबात विचारायचं नाही (परत तेच, पाहुण्याचं मन), फक्त म्हणायचं, "यात काय दिसून राह्यलं?" आणि गप्प बसायचं. आमचं रॅलीचं जुनं पोस्टर होतं ना, काळ्या पडलेल्या फुप्फुसाच्या फोटोचं, ते मी उत्सुकता म्हणून एका आजीला दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भरताचे वांगे होय ना? भाजलेले." दोनशे पोस्टरं छापली होती आम्ही त्याची.

आणि शेवटी मोजणी. हे थोडक्यात सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त गफलत होते. किती पत्रकं वाटली, किती लोक आले, किती जणांनी शपथ घेतली, याला निकाल म्हणत नाहीत. शपथ तर फुकट असते, गावात हात वर करायला कोणाचं काय जाते. मोजायचं हे की किती जणांनी सोडायचा प्रयत्न खरंच केला, आणि सहा महिन्यांनी परत जाऊन पाहायचं की किती जण टिकले, घरच्यांना पण विचारायचं. आमच्या तीन गावांत प्रयत्न करणारे पुष्कळ निघाले, टिकणारे थोडे. ज्यांची जागल पाळीवर आली त्यांच्यातले जास्त टिकल्यासारखे दिसतात, पण माणसं इतकी थोडी आहेत की त्यावरून छाती ठोकून काही बोलायला मी धजत नाही. तारीख मात्र आम्ही बदलली. ३१ मे सोडून दिला आणि श्रावण धरला, कारण श्रावणात घरोघरी लोक आपणहून काही ना काही सोडतच असतात, त्यात बिडी जोडायला फार ओढाताण करावी लागत नाही, आणि दर सोमवारी घरातलंच कोणी ना कोणी आठवण करून देतं.

नवीन चित्र जागलीचं आहे. रात्र, मचाण, वर दोन माणसं, एक झोपलेला, एक जागा, जाग्याच्या हातात फुटाण्याची पुडी. आमच्यातल्या एका पोरीनं काढलं, मला तर फार आवडलं. छापायच्या आधी मामांकडं घेऊन गेलो. ते ओसरीत बसून दोरी वळत होते, दोरी बाजूला ठेवून कागद उन्हाकडं धरला. मी गप्प. बराच वेळ पाहून म्हणाले, "बरं आहे. पण याची काठी कोठी आहे? बिना काठीचा कोण जाते बे रातच्यानं वावरात?"

पोरगी परत बसली, काठी काढली. मामांनी ती पण पाहिली आणि सांगितलं की एवढी सरळ नसते.